महीनचे घोडे आणि इतर उसनी नावे

१७९० नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या आपल्या घरी विल्यम ब्लेक तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहीत बसत असे. तो कवी होता, पण पोटापाण्याचा धंदा खोदकामाचा होता. आम्लाचा परिणाम होणार नाही अशा रोगणात कुंचला बुडवून तो कवितेच्या ओळी आणि त्यांभोवतीची चित्रे पत्र्यावर काढी आणि मग त्यावर आम्ल ओती. रोगणाखालचे तांबे शाबूत राही, उघडे तांबे खाल्ले जाई आणि अक्षरे हळूहळू उठावाने वर येत. त्यांवर शाई चढवून छापलेली पाने तो आणि त्याची पत्नी कॅथरिन हाताने रंगवीत. अशा रीतीने सिद्ध झालेल्या ‘द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल’ या पुस्तकाच्या पूर्ण प्रती आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच उरल्या आहेत.

त्या पुस्तकात एका ठिकाणी ब्लेक म्हणतो की जाणिवेची दारे धुऊन स्वच्छ झाली, तर माणसाला प्रत्येक वस्तू जशी आहे तशी, म्हणजे अनंत, दिसू लागेल. आज मात्र त्याने स्वतःला असे कोंडून घेतले आहे की जे काही दिसते ते आपल्या गुहेच्या अरुंद फटींमधूनच. हे वचन जगभर उद्धृत केले जाते. त्याच्या लगतचे आधीचे वाक्य फारसे कुणी सांगत नाही, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. त्यात ब्लेक सांगतो की देह आणि आत्मा वेगळे आहेत ही समजूत आधी पुसून टाकली पाहिजे, आणि ते काम मी आम्लाने छापण्याच्या माझ्या नारकी पद्धतीने करणार आहे. वरवर दिसणारे पृष्ठभाग वितळवून त्यांखाली दडलेले अनंत उघडे करणार आहे. दारे धुण्याची ही कल्पना त्याच्या रोजच्या धंद्यातून आलेली आहे. तिच्यात तांबे आहे, आम्लाची वाफ आहे आणि हातांनी उपसायचे पुष्कळ कष्ट आहेत.

१९५३ च्या मे महिन्यात, लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झालेल्या ऑल्डस हक्सली यांनी हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली मेस्कलीन हे भास घडवणारे द्रव्य घेतले आणि त्या काही तासांत जे दिसले, जाणवले ते लिहून काढले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या पुस्तकाला त्यांनी ब्लेकच्या वचनातून ‘द डोअर्स ऑफ पर्सेप्शन’ हे नाव दिले. त्यात ते स्वतःच्या फ्लॅनेलच्या विजारीला पडलेल्या चुण्यांकडे टक लावून बसतात, आणि त्या चुण्यांवरून त्यांचे मन जुन्या युरोपीय चित्रकारांनी रंगवलेल्या वस्त्रांच्या घड्यांपर्यंत जाऊन पोचते, तो भाग मी अनेकदा वाचला आहे. हक्सलींच्या डोळ्यांना ऐन किशोरवयात असा विकार जडला होता की काही काळ ते जवळजवळ आंधळे झाले होते, आणि पुढे आयुष्यभर त्यांची दृष्टी अधूच राहिली. इतक्या अधू दृष्टीच्या माणसाने पाहण्याबद्दलचे पुस्तक लिहावे आणि त्यासाठी ब्लेकची तीच ओळ निवडावी, हे मला योगायोगापेक्षा बरेच जास्त वाटते.

पुढचा टप्पा १९६५ चा. विद्यापीठात चित्रपटकलेचे शिक्षण घेतलेले जिम मॉरिसन आणि रे मॅन्झारेक हे दोन तरुण लॉस एंजेलिसच्या व्हेनिस किनाऱ्यावर भेटले, बँड काढायचे ठरले, आणि हक्सलींच्या पुस्तकावरून त्याचे नाव ‘द डोअर्स’ असे ठेवले गेले. बाकीचे दोघे, गिटारवादक रॉबी क्रीगर आणि ड्रमवादक जॉन डेन्समोर, मॅन्झारेकला महर्षी महेश योगींच्या ध्यानाच्या वर्गात भेटले. जानेवारी १९६७ मध्ये आलेल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेतल्या ‘एंड ऑफ द नाइट’ या गाण्यात ब्लेकच्या दुसऱ्या एका कवितेतल्या ओळी जवळजवळ जशाच्या तशा आहेत, आणि गाण्याचे शीर्षक सेलीन या फ्रेंच कादंबरीकाराची आठवण करून देते. मॉरिसन खराखुरा वाचक होता, याविषयी शंका घ्यायला जागा नाही.

कॉलेजात असताना एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर मी हा बँड पहिल्यांदा ऐकला. कॅसेटच्या कागदावर त्याने निळ्या बॉलपेनने फक्त ‘डोअर्स’ एवढेच लिहिले होते, आणि मला ते अगदी साधे, घरगुती नाव वाटले. पुढे मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर हक्सलींचे पुस्तक हाती लागले, त्यातून ब्लेककडे गेलो, आणि ब्लेककडून पुन्हा त्या गाण्यांकडे आलो तेव्हा ती पूर्वीसारखी ऐकू येईनात. गाणी तितकीच आवडतात, आजही आवडतात. पण मॉरिसनने ब्लेककडून दार उघडण्याची असोशी घेतली आणि ते धुण्याचे काम तिथेच राहू दिले, असे माझे मत झाले आहे. त्याच्या गाण्यांत दार लाथेने उघडते. ब्लेक सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत जगला आणि शेवटपर्यंत पत्र्यांवर काम करत राहिला; मॉरिसन १९७१ च्या जुलैत पॅरिसमध्ये गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

बँडचे नाव पुस्तकातून घेणे म्हणजे आपण काय वाचत होतो हे चारचौघांत सांगणे होय, आणि ते सांगितले जाते विशी-बाविशीच्या वयात, जेव्हा वाचलेले अंगात भिनलेले असते पण पचलेले नसते. म्हणून ही नावे मला इतकी जवळची वाटतात. त्यांत तरुणपणीच्या वाचनाचा सगळा उतावळेपणा आहे. नाव एका संध्याकाळी ठरते. त्या नावामागच्या पुस्तकाने उपस्थित केलेला प्रश्न मात्र पुढे वर्षानुवर्षे त्या बँडच्या गाण्यांसमोर उभा राहतो. काही बँड त्या प्रश्नाला सामोरे जातात, काही त्याच्याकडे पुन्हा वळूनही पाहत नाहीत. हा फरक शोधणे हा माझा अनेक वर्षांचा नाद आहे.

‘स्टेपनवुल्फ’ या बँडच्या बाबतीत तर नाव ठेवणारा बँडमधला नव्हताच. १९६७ साली लॉस एंजेलिसमध्ये हा बँड नव्याने उभा राहत असताना गेब्रिएल मेक्लर या निर्मात्याने हेर्मान हेस्से यांच्या १९२७ सालच्या कादंबरीचे नाव सुचवले. हेस्सेंची आई केरळातल्या तलश्शेरीत जन्मलेली, आजोबा हेर्मान गुंडर्ट हे मल्याळम शब्दकोशाचे कर्ते. त्यामुळे हेस्से आपल्याकडच्या वाचकाला तसे परके नाहीत. बँडचा गायक जॉन के याचा जन्म १९४४ चा, पूर्व प्रशियातल्या तिल्सित गावचा. वडील युद्धात गेलेले, आई तान्ह्या मुलाला घेऊन पश्चिमेकडे पळालेली, मग पूर्व जर्मनी, तिथून सीमा ओलांडून पश्चिम जर्मनी आणि शेवटी कॅनडा. त्याची दृष्टीही लहानपणापासून अतिशय कमजोर. मुळापासून उखडलेल्या आणि कुठेच घर न मानणाऱ्या हॅरी हालरची कथा सांगणाऱ्या कादंबरीचे नाव अशा माणसाच्या बँडला मिळाले, ते परक्याने सुचवले असले तरी नेमके बसले.

पण ‘बॉर्न टु बी वाइल्ड’ हे त्यांचे १९६८ चे गाणे आणि ते ज्यात वाजते तो १९६९ चा ‘ईझी रायडर’ चित्रपट यांनी त्या नावाला असा अर्थ चिकटवला की कादंबरी मागे पडली. मोटारसायकल, मोकळा रस्ता आणि बेभान वेग हे हॅरी हालरच्या आयुष्यात कुठेही नाही. पन्नाशीकडे झुकलेला तो एक विद्वान, एकाकी माणूस. ग्रामोफोनचा आणि जॅझचा त्याला तिटकारा, मोझार्ट हे त्याचे दैवत. कादंबरीच्या शेवटाकडे खुद्द मोझार्ट त्याच्यासमोर येतो आणि काय करतो, तर एक रेडिओ जुळवून सुरू करतो. म्यूनिकहून हेंडेलचे संगीत लागते, आणि कर्ण्यातून घरघरत, फाटत, घशात कफ अडकल्यासारखे बाहेर पडते. हॅरी संतापतो. मोझार्ट हसत त्याला समजावतो की या यंत्राने सुरांची कितीही विटंबना केली तरी त्या संगीताचा मूळ आत्मा त्याला मारता येत नाही; ऐकायचे शिक, आयुष्यही असेच खरखरीतून ऐकावे लागते. ॲम्प्लिफायर मुद्दाम फाटेपर्यंत वाढवून गिटार वाजवणाऱ्या पिढीला याहून जवळचा उतारा कुठल्या कादंबरीत सापडला असता? स्टेपनवुल्फच्या गाण्यांत मला हा उतारा कधी ऐकू आलेला नाही, आणि ही एवढी मोठी संधी हुकल्याची हळहळ मला आजही वाटते.

डब्ल्यू. एच. डेव्हिस यांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार अधिक तीव्र आहे. ‘सुपरट्रॅम्प’ या इंग्लिश बँडचे नाव १९७० च्या सुरुवातीला ठेवले गेले, ते डेव्हिस यांच्या १९०८ सालच्या ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अ सुपर-ट्रॅम्प’ या आत्मकथनावरून. आयुष्यात थांबून टक लावून पाहायलाही सवड नसेल तर त्या आयुष्याला काय अर्थ, असे विचारणारी त्यांची छोटी कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या इंग्रजी पुस्तकात वाचलेली असेल. हा वेल्समधला कवी अमेरिकेत मालगाड्यांवर चोरून चढत, भीक मागत, तुरुंगाच्या उबेत हिवाळे काढत फिरला. १८९९ साली सोन्याच्या शोधात निघाला असता कॅनडात चालत्या गाडीत उडी मारताना त्याचा पाय चाकाखाली गेला आणि कापावा लागला. लंडनला परतून गरिबांच्या वसतिगृहात राहत त्याने कविता लिहिल्या, पदरमोड करून पुस्तक छापले आणि नामवंतांच्या सूचीतून पत्ते काढून प्रती पोस्टाने धाडल्या: आवडले तर अर्धा क्राउन पाठवा, नाही तर पुस्तक परत करा. अशी एक प्रत जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्याकडे पोचली, आणि पुढे आत्मकथनाला शॉ यांचीच प्रस्तावना लाभली.

सुपरट्रॅम्पच्या सुरुवातीच्या वर्षांचा खर्च एका श्रीमंत डच आश्रयदात्याने उचलला होता, आणि १९७९ च्या ‘ब्रेकफास्ट इन अमेरिका’पर्यंत येता येता त्यांचा आवाज इतका घोटीव, इतका चकचकीत झाला की रेल्वेरुळांजवळची धूळ त्यात शोधूनही सापडू नये. सुंदर गाणी आहेत ती, त्यांतल्या चाली मी गुणगुणतो. तरीही डेव्हिससारख्या माणसाचे नाव घ्यावे आणि त्याच्या भुकेचा एक घासही गाण्यात उतरू नये, हे मला मनापासून खटकते.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ब्लेकने पुस्तके स्वतः छापली, डेव्हिसने स्वतःच्या पैशाने छापली, आणि ‘मॉडेस्ट माउस’ या अमेरिकन बँडचे नाव ज्या कथेतून आले ती व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘द मार्क ऑन द वॉल’ ही कथाही प्रथम घरीच छापली गेली. व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांनी १९१७ मध्ये एक लहानसे हाताचे छापयंत्र विकत आणून रिचमंडच्या राहत्या घरात बसवले, आणि त्यावर निघालेल्या पहिल्याच पुस्तिकेत ही कथा होती. स्वतःची स्तुती ऐकायला आपल्याला आवडत नाही असे प्रामाणिकपणे मानणाऱ्या, उंदराच्या रंगाच्या विनम्र माणसांचा तिच्यात ओझरता उल्लेख येतो, आणि वॉशिंग्टन राज्यातल्या एका गावच्या पोरांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेवढाच उचलला. मोठ्या प्रकाशकांच्या दारात न थांबता स्वतःचे काम स्वतः छापणाऱ्या या लेखकांचे शब्द, गॅरेजमध्ये तालीम करणाऱ्या आणि सुरुवातीच्या कॅसेटी स्वतःच काढणाऱ्या मुलांच्या हाती पडावेत, यात मला एक आतला नातेसंबंध दिसतो.

सगळ्याच उसनवारीत असे काही सापडते असे नाही. ‘युराया हीप’ हे नाव १९६९ च्या अखेरीस ठरले तेव्हा चार्ल्स डिकन्स यांच्या निधनाला शंभर वर्षे होत आली होती आणि त्यांचे नाव सगळीकडे गाजत होते. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला ओलसर हातांचा, उठता-बसता स्वतःच्या नम्रतेचा जप करणारा तो कपटी कारकून पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकातल्या एका कोटीपुरता आला आणि गेला. उलट ‘द वेल्व्हेट अंडरग्राउंड’ हे नाव न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सापडलेल्या एका सवंग पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून घेतले गेले, ज्याचे साहित्यमूल्य शून्य. पण त्या बँडचा लू रीड हा सिरॅक्यूज विद्यापीठात डेल्मोर श्वार्ट्झ या कवीचा विद्यार्थी होता, आणि त्याच्या गाण्यांत माणसे, रस्ते, व्यवहार ज्या कोरड्या नेमकेपणाने येतात तो कथाकाराचाच आहे. अँथनी बर्जेस यांच्या १९६२ च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ने तर दोन बँडना नावे दिली. कादंबरीतला एक काल्पनिक बँड शेफील्डमध्ये ‘हेवन सेव्हन्टीन’ म्हणून प्रत्यक्षात आला, आणि तिथलाच ‘मोलोको’ हा बँड त्यातल्या अमली पदार्थ मिसळलेल्या दुधाच्या नावाने ओळखला गेला.

ज्या एका नावाविषयी मी आजवर मनाशी निवाडा करू शकलेलो नाही, ते ‘जॉय डिव्हिजन’. मँचेस्टर आणि सॅल्फर्डकडच्या चार तरुणांचा हा बँड आधी ‘वॉर्सॉ’ या नावाने वाजवत असे. १९७८ च्या सुरुवातीला त्यांनी ते बदलून नवे नाव ‘हाउस ऑफ डॉल्स’ या कादंबरीतून घेतले. तिचा लेखक येहिएल दी-नूर. आउशविट्झच्या नाझी छळछावणीतून जिवंत सुटलेल्या या माणसाने पुस्तकावर स्वतःचे नाव घातले नाही. छावणीतल्या कैद्याला म्हणत तो शब्द आणि आपल्या हातावर गोंदलेला १३५६३३ हा आकडा एवढेच घातले. १९६१ मध्ये जेरुसलेममध्ये आइकमन या नाझी अधिकाऱ्यावरच्या खटल्यात तो साक्षीला उभा राहिला, आउशविट्झ हा एक वेगळाच ग्रह होता असे सांगू लागला, आणि बोलता बोलता साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच कोसळला. त्याच्या कादंबरीत ‘जॉय डिव्हिजन’ म्हणजे छावणीतला तो विभाग, जिथे तरुण ज्यू मुलींना जर्मन सैनिकांच्या उपभोगासाठी डांबून ठेवले जाते.

हे नाव विशीतल्या मुलांनी नाचगाण्याच्या बँडला द्यावे का? त्यांच्या पहिल्या छोट्या तबकडीच्या वेष्टनावर हिटलर युथमधल्या ढोल वाजवणाऱ्या मुलाचे चित्र होते, आणि त्या तबकडीवरच्या ‘नो लव्ह लॉस्ट’ या गाण्यात त्या कादंबरीतला एक उतारा वाचून दाखवला आहे. लोक भडकले, नाझींचे उदात्तीकरण होत असल्याचे आरोप झाले. पंक संगीताच्या त्या दिवसांत धक्का देण्याला फार किंमत होती आणि या मुलांनाही ती मोजावीशी वाटली असणार. दुसऱ्याच्या यातनांचे नाव धक्क्यासाठी वापरू नये, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

तरीही या बँडला मी बाजूला सारू शकत नाही, त्याचे कारण त्यांचा गायक इयन कर्टिस. मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात तो अपंगांना काम मिळवून देण्याच्या विभागात नोकरीला होता. तिथे येणाऱ्या, अपस्माराचा त्रास असलेल्या एका मुलीच्या आठवणीतून ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणे आले, आणि पुढे त्याच विकाराने त्याला स्वतःलाही गाठले. तो गोगोल, बॅलर्ड, बरोज वाचत होता, आणि त्याच्या गाण्यांची शीर्षकेही तेच सांगतात. ‘अननोन प्लेझर्स’ आणि ‘क्लोजर’ या दोन ध्वनिमुद्रिकांत नाझींचा उल्लेख नाही, धक्का नाही. शरीर आपले न राहणे, दुसऱ्याच्या ताब्यात जाणे, आणि हे सगळे कुणी तरी बाहेरून शांतपणे पाहत असणे, एवढेच पुन्हा पुन्हा येते. नाव उथळपणे घेतले गेले. गाणी मात्र त्या नावाच्या आत शिरली. १८ मे १९८० रोजी, तेवीस वर्षांच्या कर्टिसने आपले आयुष्य संपवले, आणि उरलेल्या तिघांनी ते नाव तिथेच ठेवून दिले. त्या मुलींचे ऋण गाण्यांच्या थोरवीने फिटते असे मी म्हणणार नाही. ती कादंबरी माझ्यापर्यंत पोचली ती मात्र याच नावामुळे.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९९८ साली सुरू झालेल्या ‘ओकरविल रिव्हर’चे नाव माझ्या विशेष लोभाचे आहे, कारण ते ज्या कथेतून आले ती ऐकणाऱ्याविषयीचीच कथा आहे. तात्याना तोल्स्ताया या रशियन लेखिकेने ती १९८० च्या दशकात लिहिली. लेनिनग्राडमध्ये राहणारा सिमिओनोव हा एकटा, वाढत्या वयाचा माणूस कुणालाही नको असलेली पुस्तके अनुवादित करतो आणि संध्याकाळी वेरा वासिलिएव्ना या जुन्या काळच्या गायिकेच्या तबकड्या लावून बसतो. त्याच्या घरावरून जाणाऱ्या ट्रामच्या शेवटच्या थांब्याचे नाव ‘ओकरविल नदी’ आहे. तो तिथे कधी गेलेला नाही. न पाहिलेल्या त्या नदीकाठी तो मनातल्या मनात वाळुंजीची झाडे लावतो, पूल बांधतो, आणि आपल्या तरुण, उदास, सडपातळ गायिकेला तिथे राहायला पाठवतो.

मग त्याला कळते की ती जिवंत आहे, याच शहरात आहे. पिवळी शेवंती आणि एक केक घेऊन तो तिच्या घरी निघतो. केकवरच्या जेलीत कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटलेला आहे. दार उघडते तेव्हा आत मेजवानी रंगात आलेली असते, आणि त्याची वेरा वासिलिएव्ना ही एक अवाढव्य, रंगरंगोटी केलेली, खदाखदा हसणारी म्हातारी निघते. कथा त्याला एवढ्यावर सोडत नाही. शेवटी ती त्याच्या घरी आंघोळीला येऊ लागते, आणि तो तिच्यामागून टब घासत बसतो. पलीकडे तबकडी लावलेली असते आणि तिच्यातून तोच जुना, दैवी आवाज येत राहतो.

गायकाविषयी ऐकणाऱ्याने रचलेल्या स्वप्नाची आणि गायक नावाच्या हाडामांसाच्या माणसाची अशी समोरासमोर गाठ घालणारी दुसरी कथा मला माहीत नाही. ती वाचून आपल्या बँडला तेच नाव देणाऱ्या विल शेफने, कीर्ती, चाहते आणि रंगमंचावरची खोटी माणसे यांच्याविषयी पुढे जी गाणी लिहिली, त्यांत तोल्स्तायांची कथा थेट कुठेही नाही आणि तरी सगळीकडे आहे. नाव पेलणे म्हणतात ते हेच, असे माझे ठाम मत आहे. खरी ओकरविल ही पीटर्सबर्गच्या पूर्व भागातली एक लहानशी नदी, ओख्ता नदीला जाऊन मिळणारी.

या सगळ्या नावांत मी पहिला मान मात्र एका भारतीय नावाला देतो. १९७५ च्या सुमारास कलकत्त्यात काही तरुण बंगालीत एक नवे संगीत करू पाहत होते. त्यांचा म्होरक्या गौतम चट्टोपाध्याय हा नक्षलवादी चळवळीत ओढला गेलेला, तुरुंगवास सोसून आलेला. पार्क स्ट्रीटवरचे इंग्रजी बँड त्याला जितके परिचित, तितकीच बाउलांची, म्हणजे बंगालमधल्या भटक्या साधू-गायकांची, गाणीही. दोन-तीन नावे घेऊन-सोडून झाल्यावर रंजन घोषाल या साथीदाराने जीवनानंद दास यांच्या ‘घोडा’ या कवितेतले दोन शब्द सुचवले: मोहीनेर घोडागुली, म्हणजे महीनचे घोडे. रॉक बँडसाठी याहून अनपेक्षित नाव मला ठाऊक नाही.

‘सातटी तारार तिमिर’ या १९४८ च्या संग्रहातली ही कविता सुरू होते ती अशी: आपण अजून मेलेलो नाही, तरी दृश्ये जन्म घेतच राहतात, कार्तिकातल्या चांदण्याच्या माळावर महीनचे घोडे गवत खातात. हा महीन कोण, हे कविता सांगत नाही. त्याचे नाव एकदा येते आणि तेवढेच. पुढच्याच ओळींत ते घोडे अश्मयुगातले वाटू लागतात, पृथ्वीच्या विचित्र डायनामोवर अजूनही गवताच्या लोभाने चरत असलेले. मग तबेल्याचा वास येतो, पोलादी यंत्रात वाळल्या गवताचा उदास आवाज झरतो, आणि काळाच्या शांत फुंकरीने तबेल्यातला पॅराफिनचा कंदील विझतो. युद्ध, दुष्काळ आणि फाळणी पाहिलेल्या बंगालमध्ये लिहिणाऱ्या या कवीने गवत आणि डायनामो एका वाक्यात आणले. पंचवीसहून अधिक वर्षांनी बाउलांचे सूर आणि विजेवरची गिटार एका गाण्यात आणू पाहणाऱ्या मुलांना तो आपला वाटला, यात नवल नाही. जीवनानंदांना ते पाहायला मिळाले नाही. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये कलकत्त्यातच ट्रामचा धक्का लागून ते जखमी झाले आणि आठ दिवसांनी गेले.

१९७७ मध्ये ‘संविग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक’ ही या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. लोकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणखी दोन निघाल्या, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी बँड विखुरला. गौतम चट्टोपाध्याय चित्रपटांकडे वळले. पण १९९५ मध्ये त्यांनी नव्या तरुणांना हाताशी धरून एक संकलन काढले, आणि त्याला शीर्षक दिले ‘आबार बोछोर कुडी पोरे’, म्हणजे पुन्हा वीस वर्षांनी. हे शब्दही जीवनानंदांचेच: पुन्हा वीस वर्षांनी तिची भेट झाली तर, असे म्हणत सुरू होणाऱ्या त्यांच्या कवितेतले. बँड सुरू झाल्याला खरोखरच वीस वर्षे झाली होती. वीस वर्षांच्या दोन्ही टोकांना एकाच कवीकडे जाणारा, आणि मधल्या अपयशातही त्याला न सोडणारा दुसरा बँड मी पाहिलेला नाही. १९९९ मध्ये गौतम चट्टोपाध्याय गेले, तोवर बंगाली बँडांची एक अख्खी पिढी त्यांना आपला मूळपुरुष मानू लागली होती.

त्या संकलनातल्या ‘पृथिबीटा नाकी छोटो होते होते’ या गाण्याची चाल महाराष्ट्रातही घरोघरी पोचलेली आहे, कारण २००६ च्या ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातले ‘भीगी भीगी’ तिच्यावरच बेतलेले आहे. जग म्हणे लहान होत होत उपग्रह आणि तारांच्या जोरावर दिवाणखान्यातल्या खोक्यात मावू लागले आहे, आणि तरीही माणसे एकमेकांपासून दूरच चालली आहेत, असे मूळ गाणे म्हणते. हिंदीत त्याचे विरहगीत झाले. ज्यांना ते हिंदी गाणे पाठ आहे, त्यांनी १९९५ चे ध्वनिमुद्रण जरूर मिळवून ऐकावे, आणि त्यानंतर ‘घोडा’ ही कविता कुणा बंगाली परिचिताकडून मोठ्याने वाचून घ्यावी. ती जेमतेम एका पानाची आहे, आणि कार्तिक, ज्योत्स्ना, प्रांतर हे तिच्यातले शब्द मराठी कानाला ओळखू येतात.